एका रक्तपिपासूचं रसग्रहण

गोरेगाव,
निज ज्येष्ठातली एक संध्याकाळ

प्रिय शिवकन्या,

दवाखान्यात प्रियंका हे पत्र तुझ्या हातात देईल तेव्हा तुझ्या दुसऱ्या हाताला सलाईन लावलेलं असेल. रक्तवाढीचं ते औषध थेंबाथेंबानंच द्यावं लागतं, त्यात घाई चालत नाही, असं ती म्हणाली. तेवढा वेळ आपला. त्या खोलीत ती पुरुष माणसाला येऊ देत नाही. आपले जावई ओमप्रकाशराव बाहेरच्या बाकावर बसलेले असतील, मोबाईल हातात धरून. तेव्हा सावकाश वाच. मधे रडू आलं तर पदर डोळ्यांवर चोळू नकोस, नुसता टेकव, म्हणजे डोळे लाल होत नाहीत. कागद वाचून झाला की प्रियंकाकडेच परत दे. घरी नेऊ नकोस. तुझी पर्स, तुझी उशी, डाळ-तांदळाचे डबेसुद्धा तपासले जातात, हे आता मला ठाऊक झालंय.

तू मला अभ्यास देऊन गेली होतीस, तो पुरा केलाय. अधिक महिन्यात तुम्ही दोघं धोंड्याच्या जेवणाला आलात आणि निघताना तू पिशवीतून ती काळ्या पाठीची जाडजूड कादंबरी काढून माझ्या मांडीवर ठेवलीस. म्हणालीस, ‘आबा, ह्याचं रसग्रहण लिहा. शेवटचं प्रकरण वाचल्याशिवाय मात्र लिहू नका.’ ओमप्रकाशराव हसले. ‘ह्या वयात आबांना रक्तपिपासूची प्रेमकथा? त्यांना पोथी द्यायची सोडून!’ सगळे हसले. मीही हसलो. तू हसली नाहीस. पण ते माझ्या ध्यानात आलं तुमची गाडी चिंचेपाशी वळून गेल्यावर. जन्मभर मास्तरकी केली, पोरांच्या उत्तरातल्या चुका लांबून दिसायच्या; उत्तर देणाऱ्या पोराच्या तोंडाकडे बघायचं मात्र राहून जायचं.

रसग्रहण म्हटलं की मला आपला ओटा आठवतो. तू दहावीला होतीस. सायंकाळी उन्हं उतरली की तू पुस्तक घेऊन यायचीस आणि मी आधी कविता चालीवर म्हणायला लावायचो. शाळेत माझा वर्ग असाच चालायचा, आधी सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, खिडकीबाहेर गुरं थांबायची ऐकायला, आणि मग अर्थ. तुला अर्थाचाच कंटाळा. ‘आबा, कविता आवडली तर आवडली. तिची चिरफाड काहून करायची?’ मी म्हणायचो, चिरफाड नव्हे गं, चव घेणं. आधी आशय, मग काव्यसौंदर्य, मग भाषा. नऊ रस तुला पाठ होते. एकेक बोट मिटत म्हणायचीस आणि नववा शांत रस आला की डोळेही मिटून घ्यायचीस. आणि त्याच्याही आधी, दुसरीत असताना, स्नेहसंमेलनात तू स्वतः रचलेली कविता म्हटली होतीस. मला अजून पाठ आहे.

माझ्या घराला दोन दारं,
एकातून येतं गार वारं,
दुसऱ्यातून जाते मी,
दिवे लागता येते मी.

यमक जुळलं नाही, ‘मी’ला ‘मी’च जुळवलंय, असं मी त्या दिवशी घरी आल्यावर म्हटलं. तू रागानं जेवली नव्हतीस. आज वाटतं, त्या कवितेत एका अक्षराचीही चूक नव्हती.

तर आता आशय. तुझ्या कादंबरीतली इरा ही सतरा-अठरा वर्षांची पोरगी थंड हवेच्या गावातल्या कॉलेजात येते. धुकं, देवदार, दगडी वसतिगृह. तिथं विहान नावाचा मुलगा भेटतो. फिकट, देखणा, कमी बोलणारा. कँटीनमध्ये कुणी त्याला कधी खाताना पाहिलेलं नाही. दिसायला एकोणीस वर्षांचा, खरा दोनशे वर्षांचा. पहिल्या भेटीतच तो तिला सांगतो, ‘माझ्यापासून लांब राहा, मी चांगला नाही.’ आणि स्वतः मात्र लांब जात नाही. पुढं दरड कोसळते तेव्हा तो तिला वाचवतो. तिथून ती त्याची. मी पहिली दोन-तीन प्रकरणं उपहासानंच वाचली, खोटं कशाला सांगू. त्याची त्वचा संगमरवरासारखी, हे लेखिका इतक्यांदा सांगते की शाळेत असतो तर लाल शाईनं समासात लिहिलं असतं, ‘उपमा जुनी झाली, दुसरी शोधा.’ आकाशाची वर्णनं पानंच्या पानं. पण एक सांगतो, पोरीच्या मनातली हुरहुर तिनं खरी लिहिली आहे. कुणीतरी आपल्याकडेच बघतंय, साऱ्या जगात आपल्याकडेच, ह्या एका गोष्टीनं माणूस कसा उजळतो, ते वाचताना मलाही माझी जुनी वर्षं आठवली. मी पुस्तक छातीवर ठेवून बराच वेळ पडून राहिलो. त्या वयात हे गोड लागणारच, शिवकन्या. तुला गोड लागलं त्यात तुझं काही चुकलं नाही.

आपल्याकडची भुतं मला लहानपणापासून माहीत. आमच्या शेतातल्या पिंपळावर मुंजा होता. मौंजीनंतर लग्नाआधी मेलेला पोरगा, त्याची वासना राहिलेली. त्याला दहीभात ठेवला की तो गप्प बसायचा. चकवा माणसाला त्याच्याच शेतात रात्रभर फिरवतो, पण उजाडलं की सोडून देतो. आपली भुतं मागायची ते मागून मोकळी होतात. ह्या विहानचं तसं नाही. तो काहीच मागत नाही. उलट म्हणतो, मला तुझं काही नको, तू फक्त सुखी राहा. आणि पानागणिक ती पोरगी उणी होत जाते. आधी तिचं गाणं सुटतं, कारण त्याला गर्दीत ती गायलेली आवडत नाही. मग मैत्रिणी सुटतात, कारण त्या उथळ आहेत. मग आईला पत्र लिहायचं सुटतं, कारण आईला हे सगळं कळणार नाही. मान चावायचा प्रसंग तर पुस्तकाच्या शेवटाकडे येतो. तोपर्यंत तिच्यात प्यायला उरलेलं असतं काय? हे मी वाचत होतो आणि हसू कुठंतरी मागंच राहिलं होतं.

पहिल्यांदा मी दचकलो ते खिडकीच्या प्रकरणात. इरा झोपलेली असते आणि विहान रोज रात्री खिडकीबाहेर उभा राहून तिला बघतो. तिला हे कळतं तेव्हा ती चिडत नाही, लाजते. लेखिकेनं तिथं चांदणं घातलंय, रातराणी घातली आहे. मी चष्मा काढून ठेवला. मला धोंड्याच्या जेवणाची दुपार आठवली. ओमप्रकाशरावांनी पाटावर बसूनच मोबाईल काढला आणि कौतुकानं मला दाखवला होता. ‘हे बघा आबा, औंढ्याला दुकानात बसून मला सगळं घर दिसतं. हे अंगण, हा ओटा, हे स्वयंपाकघर. शेतातलं घर पडतं ना, काळजी वाटते हिची.’ पडद्यावर तुझं रिकामं स्वयंपाकघर होतं, ओट्यावर एकच कप पालथा ठेवलेला. तुझा बाप बालाजी म्हणाला, ‘लई भारी केलं पाव्हणे, आजकाल काय भरोसा न्हाई.’ तुझ्या आईनं तर तुझ्या गालावरून हात ओवाळून बोटं मोडली, नशीब काढलंस म्हणून. तू वाढत होतीस. मे महिन्याच्या त्या भट्टीत तुझ्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. ते कुणाच्या नजरेला आलं नाही. आम्ही सगळे मोबाईलमध्ये तुझं घर बघत होतो.

मग मागचं एकेक आठवत गेलं. बघायला आले होते तेव्हा ते म्हणाले होते, ‘माझा स्वभाव थोडा कडक आहे, आधीच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका.’ आणि बैठकीतली सगळी जाणती माणसं माना डोलावून म्हणाली, पोरगं बघा कसं बराबर बोलतं, काही लपवून ठेवत नाही. मीही त्यातलाच. विहाननं इराला दिलेला इशाराही असाच होता. आधी सांगून ठेवलं की पुढचं सगळं तुमच्या संमतीनं झाल्यासारखं होतं. तुझा फोन लागला की आवाज लांबून यायचा, स्पीकरवर ठेवल्यासारखा, आणि तुझ्या मागं कुणीतरी घसा साफ करायचं. ‘बरं आहे आबा. हो आबा. ठेवते आबा.’ तू ‘काहून’ विचारायची बंद झालीस, हे मला महिनाभर कळलं नाही. लहानपणी तुझ्या ‘काहून’नं सगळं घर जेरीला यायचं. प्रियंका, तुझी एवढी जिवाची मैत्रीण, संक्रांतीला वाण घेऊन तुझ्या दारी गेली तर भर दुपारी ते दारातच म्हणाले, ती झोपली आहे. तिनं ओट्यावर वाण ठेवलं आणि खिडकीचा पडदा हलताना बघितला. त्यानंतर तिचा नंबरही तुझ्या फोनवर लागेना. मला तिनं तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हणालो, नवीन संसार आहे, असतं एकेकाचं.

आता कादंबरीच्या मधोमध येणारी ती गोष्ट, जिच्यावर सगळी कथा तोललेली आहे. रक्तपिपासू कितीही बलवान असला तरी कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. विहान इराच्या दाराबाहेर पावसात उभा राहतो आणि ती आतून हसत म्हणते, ‘ये ना.’ एवढाच त्याला लागतो एक शब्द. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि ओट्यावर येऊन आपल्याच उंबऱ्याकडे बघत बसलो. इराला निदान ठाऊक नव्हतं तो कोण आहे. आपण तर ओमप्रकाशरावांना ‘या’ म्हणून थांबलो नाही. परातीत उभं करून त्यांचे पाय धुतले. तुझ्या आईनं ते पाणी डोळ्यांना लावलं. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. बालाजीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तांब्याच्या ताटात अनारसे दिले, अंगावर कापड घातलं. आणि तू त्यांच्या शेजारी पाटावर बसली होतीस, लक्ष्मी म्हणून, हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन. ते ताट थरथरत होतं. मला वाटलं, उपाशी आहेस, म्हणून.

आणि त्याच दुपारी ते झालं. तू स्वयंपाकघरात आईला विचारलंस, ‘आई, मी चार दिवस राहू का?’ आई म्हणाली, ‘मला काय विचारतीस, जावईबापूंना विचार.’ ते बैठकीतून ऐकत होते. तिथूनच हसून म्हणाले, ‘राहा की. मग मी पण राहतो.’ केवढा हशा पिकला! तुझी चुलती म्हणाली, ‘लई जीव आहे बाई, एक दिवस करमत न्हाई!’ तुझ्या पुस्तकात हे वाक्य जवळपास असंच आहे. इराला सुट्टीत आईकडे जायचं असतं आणि विहान म्हणतो, ‘जा. मी तुझ्या सावलीसारखा येईन.’ लेखिकेनं त्या पानाखाली प्रकरण संपवलंय, वाचणाऱ्या पोरींनी उसासा टाकावा म्हणून. मी ते पान तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत बसली होती. तिचा हात थांबला. म्हणाली, ‘पुन्हा वाचा मामंजी.’ मी पुन्हा वाचलं. ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी.

रस कोणता, हा प्रश्न तू मला टाकला असतास तर एरवी मी मजेत सांगितलं असतं, शृंगार आणि भयानक ह्यांची खिचडी. पण खिचडीत तांदूळ आणि डाळ दोन्ही दिसतात. इथं लेखिकेनं भयानकाला शृंगाराचं लुगडं नेसवून, कुंकू लावून मांडवात उभं केलंय, आणि घुंगट कुणी उचलत नाही. जुन्या गोष्टींतला राक्षस निदान राक्षसासारखा दिसायचा. पोरं घाबरायची आणि आईच्या मांडीत शिरायची. ह्या गोष्टीतलं भय असं आहे की पोरगी घाबरते आणि त्याच्याच मिठीत शिरते, कारण दुसरी मिठी त्यानं ठेवलेलीच नसते. आणि एक दोष सांगतो. लेखिका म्हणते, रक्तपिपासू उन्हाला भितो. खोटं आहे. तो भर उन्हात येतो, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, आणि वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करतो.

शेवटचं प्रकरण मी टाळलं नाही, तू सांगितलंस म्हणून, आणि सगळ्यांना बसवून वाचलं. तुझा बाप पुस्तकाला हात न लावणारा माणूस, तोही खांबाला टेकून बसला. इरा आता विहानच्या डोंगरावरच्या बंगल्यात राहते. तिचा बाप तिला भेटायला येतो. फाटकापर्यंत येतो. आत दिवे लागलेले बघतो, बाग बघतो, दारातली गाडी बघतो. त्याला वाटतं, पोरगी सुखात आहे, आत जाऊन कशाला त्यांना अवघडवायचं. सोबत आणलेली पेटी फाटकाशी ठेवतो आणि परत फिरतो. वरच्या खिडकीतून इरा त्याला बघत असते. ती हाक मारत नाही. विहान तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि लेखिका म्हणते, आता ती कायमची सुखी झाली. संपलं. मी पुस्तक मिटलं. बालाजीनं ते माझ्या हातून घेऊन शेवटचं पान बघितलं. मग म्हणाला, ‘आबा, त्यो फाटकापाशी गेलेला बाप म्हंजे मीच ना?’ दिवाळीला तो तुला मूळ म्हणून आणायला आला होता. सिद्धेश्वरच्या पाण्याकडेला ते एकटं घर, भोवती ऊस. ओमप्रकाशराव म्हणाले, ‘हिचं अंग दुखतंय, पुढच्या वेळी पाठवतो.’ आणि हा फराळाचा डबा ओट्यावर ठेवून अंगणातूनच फिरला. मीही मार्गशीर्षात असाच त्या लिंबाखालच्या बाजेवर बसून आलो. आपली रीत. लेकीला लेकरू होईस्तोवर माहेरच्या माणसानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, मग उंबरा तरी कशाला ओलांडायचा. तू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आलीस आणि मी हात जोडून म्हणालो, नको बाळा, रीत आहे. केवढा अभिमान होता मला त्या तहानेचा! तू तांब्या घेऊन दारात किती वेळ उभी होतीस, ते आज आठवतंय. तू मला आत बोलावत होतीस.

म्हणजे बघ, तुझ्या पुस्तकातला नियम आपल्या घरात उलटा लागू झाला. जो यायला नको त्याला पाय धुऊन आत घेतलं, आणि ज्यांनी आत यायला हवं ते रीत सांभाळत अंगणात बसून राहिले. आणि तुला दिवस गेल्याचं कळल्यावर आपल्या घरात काय बोलणं झालं, सांगू? ‘आता काय, लेकरू झालं की जाऊ आपण आत, पोटभर पाणी पिऊ.’ पेढे वाटले आम्ही.

प्रियंका परवा आली ती चप्पलही न काढता ओट्यावर बसली. नर्स झाल्यापासून ती मोजकं बोलते, तुला माहीत आहे. म्हणाली, ‘आबा, शिवकन्येचं रक्त सहावर आलंय. असंच राहिलं तर बाळंतपणात तकलीफ होईल. तिला गोळ्या देते तर त्या तिच्यापर्यंत पोचत नाहीत. घरात कुणीतरी म्हणतं, गोळ्यांनी बाळ काळं होतं. तिच्या दंडावर बोटांचे वण आहेत. मी विचारलं तर म्हणाली, पुस्तक वाचलं का आबांनी?’ मी पोथ्या, कविता, कादंबऱ्या सगळं वाचणारा माणूस, पण रक्ताचा आकडा ऐकेपर्यंत मला तुझं पुस्तक पुरतं वाचता आलं नव्हतं. आता आलंय. तू मला गोष्ट वाचायला दिली नव्हतीस, तू खिडकीतून हाक मारली होतीस, लेखिकेनं त्या पोरीला मारू न दिलेली हाक.

घरची खबर म्हणशील तर तुझी खोली तुझ्या आईनं झाडून घेतली आहे. ज्वारीची पोती होती ती बालाजीनं एकट्यानं बाहेर काढली, मदत घेतली नाही कुणाची. मागच्या दाराची कडी गंजली होती, ती बसवून घेतली. ते दार तुझंच, तुझ्या कवितेतलं. चुलती म्हणाली, ‘लोक काय म्हणतील, पोटुशी पोर माघारी आणली तर?’ तर तुझी आई, जी आजवर मोठ्या जावेपुढं वर मान करून बोलली नाही, ती म्हणाली, ‘लोकांना सांगा, पाय आमीच धुतले व्हते, आता हातबी आमीच धुतो.’ मी हे तुझ्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवलं. तुला आवडलं असतं.

आता शेवटचं, आणि ह्याचसाठी एवढं लांबलचक लिहिलं. तू इथपर्यंत वाचत येशील तेवढ्यात तुझी बाटली संपत आलेली असेल, हा माझा हिशेब. त्या खोलीला दोन दारं आहेत. एक पुढं, ज्याच्याबाहेर बाक आहे. दुसरं मागं, औषधांच्या खोलीतून बाभळीकडे निघतं. तांड्यावरचा बाबूसिंग, माझा जुना विद्यार्थी, त्याची जीप बाभळीखाली आहे. तिच्यात तुझे आई-बाप आहेत. आणि मी त्या मागच्या दाराच्या पलीकडे, तू वाचतेस तिथून चार हातांवर उभा आहे. दार नुसतं लोटलेलं आहे. मी ते ढकलणार नाही. आजवर सगळ्यांनी तुझ्या वतीनं ‘या’ म्हटलं, आज ते तू म्हणायचंस. नाही म्हटलंस तर कागद प्रियंकाकडे दे आणि पुढच्या दारानं जा, मी रागावणार नाही. पुढच्या सलाईनला पुन्हा इथंच उभा राहीन, त्याच्या पुढच्यालाही. पण तोवर तुझं रक्त टिकेल की नाही, हे प्रियंकालाही सांगता येत नाही, आणि बाहेरच्या बाकावरचा माणूस आत्तापर्यंत दोनदा विचारून गेला असेल, अजून किती वेळ. तुझ्या उशाशी घरून आणलेली पाण्याची बाटली असेल. ती हातात घे. मला फार तहान लागली आहे, शिवकन्या, मार्गशीर्षापासूनची. तुझ्या घरचं ते पाणी मी आज पिणार आहे. आवाज मोठा काढायची गरज नाही. नुसतं म्हण, ‘आबा, आत या.’

दाराशी उभा असलेला,
तुझाच आबा